वधूचीच हरकत

या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी उपासनेच्या मध्येच उठून उभं राहिलं नव्हतं. खोकला आला तर रुमालात दाबायचा, मूल रडलं तर मागच्या दाराने बाहेर न्यायचं, आणि उपदेश कितीही लांबला तरी घड्याळाकडे बघायचं नाही, हे आजोबांनी घालून दिलेलं वळण. त्या रविवारी ते वळण ठिणगीने मोडलं. बरं केलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे बाजू बदलणारे पुष्कळ भेटणार आहेत.

पाळकांनी आजाऱ्यांची नावं वाचली, बुधवारच्या प्रार्थनासभेची वेळ वाचली, आणि त्याच सुरात लग्नाची सूचना वाचली. पहिला रविवार, म्हणाले; लग्नाआधी अशी सूचना ओळीने तीन रविवार वाचतात. मग दोन नावं घेतली. ठिणगीला पाळण्यापासून सगळे ठिणगीच म्हणतात, तिचं खरं नाव चर्चच्या रजिस्टरातच पडून असतं. त्यामुळे दोन क्षण तिला वाटलं, आपल्याच नावाची दुसरी कुणी असेल. मग वराचं नाव आलं.

"या दोघांनी विवाहबद्ध होऊ नये असं कारण कुणाला ठाऊक असेल, तर त्याने ते आता सांगावं," पाळक म्हणाले आणि पुढचा कागद उचलू लागले. या प्रश्नाला कधी कुणी उत्तर देत नाही.

"माझी हरकत आहे."

चौथ्या बाकावरून आवाज आला होता. पाळक चर्चला येऊन वर्षही झालं नव्हतं, त्यांना सगळे चेहरे अजून ओळखू येत नसत. त्यांनी चष्मा सावरला. "आपण कोण?"

"मी वधू," ठिणगी म्हणाली. "मला आत्ताच कळलं."

दोनशे माणसं एकदम वळली. पेटीवाल्या बाईंनी घाबरून पुढच्या गीताचा सूर धरला आणि तसाच सोडून दिला. ठिणगी खाली बसली नाही. ती बाकातून बाहेर पडली, मधल्या वाटेने सरळ चालत ऑफिसच्या खोलीत गेली, आणि फायलीतून त्या सूचनेचा फॉर्म काढून घेऊनच घरी निघाली.

* * *

चर्चपासून घर दोन गल्ल्यांवर. खाली कारखाना, वर राहतं घर. कारखाना म्हणजे दोन खोल्या, आणि त्यांत तीन पिढ्या एकच धंदा चाललेला: कवळ्या बनवायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू इथून बाहेर पडलेलं. आजोबांनी सुरू केलं, पप्पांनी वाढवलं, आता दादा आणि ठिणगी दोघंही त्याच टेबलांशी बसतात. दादा साचे ओततो, ठिणगी दात लावते. तिच्याइतके सरळ दात कुणाला लावता येत नाहीत, हे पप्पाही कबूल करतात, फक्त तिच्यासमोर करत नाहीत.

पप्पांनी कोटही काढला नव्हता. ते टेबलाच्या टोकाशी उभे होते.

"एकोणीस वर्षं मी त्या चर्चचा सेक्रेटरी आहे," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. आज पोटच्या पोरीने भर मंडळीत माझं नाक कापलं."

"तुमचं नाक शाबूत आहे पप्पा. माझं काय कापलंत ते विचारा."

"आवाज खाली."

"का? शेजाऱ्यांना कळेल? त्यांना तर तुम्हीच जाहीर करून टाकलंत!"

मम्मीने बटाट्यांचं पातेलं मधोमध ठेवलं आणि काही न बोलता ताटं मांडायला लागली. या घरात भांडण सुरू झालं की मम्मी ताटं मांडते, आणि भांडण संपलं की उचलते. दादाने ताट पुढे ओढलं. सकाळी सातपासून तो उपाशी होता.

"मुलगा तुला पसंत आहे की नाही?" पप्पांनी विचारलं. त्यांचा राग खरा होता, कारण आपण काही वाईट केलंय असं त्यांना खरोखरच वाटत नव्हतं. मुलगी सत्तावीसची झालेली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, पगार बरा, चर्चला येणारा, तोंडात वाईट शब्द नाही. "तुला पसंत, आम्हाला पसंत. मग अडलंय कुठे?"

"अडलेलं नाही, चाललंय! वर्षभर एकमेकांना ओळखायचं, दर गुरुवारी भेटायचं, बरोबर प्रार्थना करायची, आणि वर्ष संपलं की दोघांनी मिळून ठरवायचं, असं ठरलंय आमचं. इथे, या टेबलाशी तुम्हाला सांगितलं होतं. सात महिने झाले, पाच उरलेत. तुम्ही मान डोलावली होती."

"मान डोलावणं म्हणजे शपथ घेणं नव्हे."

"मग शपथ कशावर घेतली असतीत? मी आणून दिलं असतं!"

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं ऐकलं होतं," दादा तोंडातला बटाटा सांभाळत म्हणाला. "उतावळा सासरा आजच बघितला."

"तू जेव," आत्या म्हणाली.

आत्या खिडकीशी बसली होती, ताठ. तीस वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होती, अजूनही खुर्चीत बसते ती पाहणीला आल्यासारखी. ती पप्पांची मोठी बहीण. तिच्या तरुणपणी एक जहाजावरचा इंजिनीयर होता. सहा महिन्यांसाठी गेला होता, तिने नऊ वर्षं वाट पाहिली. पत्रं यायची, मग कमी यायची, मग एक दिवस त्याच्या लग्नाचं छापील कार्डच आलं. चर्चमधल्या बायका तेव्हापासून तिच्याकडे बोट करून आपल्या मुलींना सांगायच्या, बघा, काय धीर आहे तिच्यात. त्या बायकांच्या तोंडाला कुलूप घालावं असं तिला पस्तीस वर्षं वाटत आलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण दुसऱ्याचं ताक आपण फुंकत बसू नये, एवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या शहरात चाललाय," आत्या म्हणाली. "सहा महिने. तूच सांगितलंस."

"सांगितलं. आणि मी थांबणार हेही सांगितलं."

"थांबणाऱ्या बायकांचं काय होतं ते मला विचार."

"तुला विचारलं असतं आत्या. पण इथे कुणी कुणाला विचारतं का?" ठिणगीचा आवाज आता फाटला. "लहानपणापासून ऐकतेय, धीर धर, सोस, शांत राहा. दादाने सायकल मोडली, शांत राहा. बाईंनी दुसऱ्या मुलीच्या चुकीसाठी मला वर्गाबाहेर काढलं, सोस. रविवारी चर्चमध्ये तेच, घरी तेच. बरं, आता मी खरंच धीर धरायला शिकले. माझ्यासारखीने! सात महिने. भांडण झालं तरी लगेच तोंड सोडायचं नाही, राग आला तर रागात ठरवायचं नाही, हे मी घोकून घोकून शिकले. आणि तुम्हाला पाच महिने दम निघाला नाही! म्हणजे मी सोसते तेव्हा ती सहनशीलता, आणि तुम्हाला थांबावं लागलं की तो उशीर?"

तिने पर्समधून फॉर्म काढला आणि पातेल्याशेजारी आपटला.

"हे वाच दादा. मोठ्याने वाच. सहीचे रकाने."

दादाने हात पुसले. "वराची सही." तो थांबला. "वधूची किंवा वधूच्या पालकांची सही."

"किंवा!" ठिणगी म्हणाली. "वराला 'किंवा' नाही. वराला हात आहेत, त्याने सही करायची. वधूच्या जागी पालक चालतात. हा फॉर्म कुणी छापला?"

"माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी," पप्पा म्हणाले. "जुना आहे."

"जुना आहे तर एकोणीस वर्षांत बदलला का नाहीत?"

दादाने फॉर्म खाली ठेवला. तो नेहमी पप्पांच्या बाजूचा. कारखाना एक दिवस त्याच्या नावावर व्हायचा आहे, हे एक कारण, आणि भांडणात जेवण थंड होतं, हे दुसरं. पण त्या रकान्यातली पप्पांची नीटस सही बघून त्याला काहीतरी खुपलं.

"पप्पा, गेल्या महिन्यात ती म्हातारी आली होती, आठवतं? नातवाच्या लग्नाआधी कवळी हवी होती. रडली, हात जोडले. तुम्ही काय सांगितलंत? मेणावर लावलेले दात आधी तोंडात घालायचे, बोलून बघायचं, हसून बघायचं. त्याशिवाय मी कवळी पक्की करत नाही, मग लग्न कुणाचंही असो."

"मग?"

"मग ठिणगीचं एकदम पक्कंच करून टाकलंत?"

"दात आणि मुलगी एक नव्हे!"

"नव्हेच," ठिणगी म्हणाली. "कवळी निदान काढून ठेवता येते."

मम्मीच्या हातातला चमचा ताटावर वाजला. तिने तो उचलून सरळ ठेवला.

"आणि आता तो वरचा रकाना," ठिणगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "तिथली सही कुणाची आहे ते सगळ्यांना दिसतंय."

दिसत होतं. लिफ्टवाल्याची सही. खाली ओढलेल्या रेघेसकट.

"मग बघ की!" आत्या खुर्चीत पुढे सरकली. "त्यालाही हवंय. तूच एकटी अडून बसली आहेस."

"दोन वाजता तो जेवायला येईल. मी त्याला एकच विचारणार आहे, ही सही तुझी का. हो म्हणाला, तर आमचं वर्ष आजच संपलं. मग तुम्हाला सूचना वाचायचीही गरज नाही आणि मागे घ्यायचीही."

* * *

लिफ्टवाला दोन-दोन पायऱ्या चढत आला. सकाळी सहापासून तो हॉस्पिटलच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता, फोन वर पिशवीत, अजून बघितलेलाही नव्हता. हात घासून धुतले होते तरी नखांत ग्रीस होतं. चार-पाच दिवस तो स्वतःशीच हसत होता. ठिणगीलाच घाई झालीय, आणि ती लाजून बोलत नाही! ठिणगी लाजते, ही गोष्टच त्याला इतकी गोड वाटली होती की तिची खात्री करून घ्यायचं त्याच्या मनात आलं नाही. की आलं होतं, आणि त्याने ते दाबलं? जिना चढताना तरी त्याने स्वतःला तसं विचारलं नाही.

"वाचलं का आज?" दारातच त्याने विचारलं.

पाच चेहरे त्याच्याकडे वळले. त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

"ही सही तुझी?" ठिणगीने फॉर्म त्याच्यासमोर धरला.

"हो."

"कधी केलीस?"

"मंगळवारी. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर. काका आणि आत्या आले होते." तो एकेकाकडे बघू लागला. "काय झालं?"

"मला न विचारता तू लग्नाच्या फॉर्मवर सही केलीस, हे झालं."

"पण तुलाच हवं होतं ना? आत्या म्हणाल्या, तू त्यांच्यापाशी बोललीस. वर्षाची अट तूच घातलीस, आता शब्द मागे घ्यायचा संकोच वाटतो. तिला विचारू नकोस, म्हणाल्या, विचारलंस तर उगाच चिडेल आणि नाहीच म्हणेल."

ठिणगी सावकाश आत्याकडे वळली. "मी असं बोलले?"

आत्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि हे चाललं तेव्हा पप्पा काय करत होते?"

लिफ्टवाला अवघडला. "काका लिफ्टकडे बघत होते. किती माणसं मावतात, विचारत होते."

दादा खाकरला. दुसरी वेळ असती तर तो पोट धरून हसला असता.

"हो, बोलले मी खोटं!" आत्या उठली. "आणि पुन्हा बोलेन. सहा महिने म्हणून जातात हे लोक. मी नऊ वर्षं पोस्टमनची वाट बघितली, नऊ! सगळे म्हणायचे, काय ही शांती, काय हा धीर. एकानेही म्हटलं नाही, अगं मूर्ख मुली, त्याला विचार तरी, येणार आहेस का! हिचं तसं होऊ नये म्हणून बोलले. शिक्षा करायची तर करा."

हे ऐकून ठिणगीला वाईट वाटलं. तिला रडूही आलं असतं, पण ती इतकी चिडली होती की रडायला जागा उरली नव्हती.

"आत्या, तुझी नऊ वर्षं गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. पण तुला त्याने विचारलं नाही म्हणून तू मलाही विचारणार नाहीस, हा कुठला न्याय?"

आत्या परत बसली, आणि यावेळी ताठ बसली नाही.

पप्पांनी शेवटी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. कुणीतरी हे आवरायला हवं होतं, आणि घरातला कर्ता या नात्याने ते आपलंच काम, असं त्यांना वाटलं. "झालं ते झालं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "चुका सगळ्यांच्या झाल्या. आता शब्दाला शब्द नको. घरात शांती राहू दे. आपण सगळे डोळे मिटू आणि प्रार्थना..."

"नाही," मम्मी म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, बटाटे नकोत असं ती कुणाला तरी सांगतेय.

"आधी प्रार्थना नाही. एवढ्यात डोळे मिटायचे नाहीत." तिचे हात टेबलावर होते. "तुम्ही ज्याला घरातली शांती म्हणता ना, ती मी एकतीस वर्षं सांभाळतेय. मी तोंड मिटलं की तुम्हाला शांती वाटते. दर वेळी. आज माझ्या पोरीने तोंड उघडलं, तर तिलाही तीच शांती शिकवताय?"

"अगं, मी कुठे..."

"माझीही सूचना अशीच वाचली होती."

दादाने ताट बाजूला सारलं.

"मी तिसऱ्या बाकावर होते. वीस वर्षांची. मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरचे आमच्याकडे दोनदा चहाला आले होते, एवढंच मला माहीत. पाळकांनी माझं नाव घेतलं, तुमचं घेतलं, कुणाची हरकत आहे का विचारलं. मला उठायचं होतं. पाय उचललेच नाहीत. मग सगळ्यांनी येऊन हात हातात घेतले, किती शांत मुलगी म्हणाले. आज ही उठली ना, तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चर्चमध्ये!"

पप्पा तिच्याकडे वळले. "मला वाटलं, तुझ्या वडिलांनी तुला विचारलं असेल."

"त्यांना वाटलं, तुम्ही विचारलं असेल."

"म्हणजे," पप्पा म्हणाले, "तुला मी नको होतो?"

"हे आत्ता विचारताय? सगळ्यांसमोर, मी चिडलेली असताना?"

* * *

ठिणगी लिफ्टवाल्याला घेऊन खाली कारखान्यात आली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर पेशंटचा नंबर. रविवार असल्यामुळे पॉलिशचं चाक बंद होतं आणि मेणाचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता.

"मला फसवलं त्यांनी," तो म्हणाला.

"तुला फसवलं? तू गुरुवारी माझ्यासमोर दीड तास बसलास. सही करून दोन दिवस झाले होते. प्रार्थना केलीस, देवाने आपल्याला धीर द्यावा म्हणालास. एकदाही विचारलं नाहीस!"

"विचारणार होतो."

"मग?"

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "भीती वाटली. तू चिडलीस की मी गप्प बसतो. तू म्हणतेस, किती शांत आहेस रे, मला तुझ्याकडून शिकायला पाहिजे. मी शांत नाही. मी घाबरट आहे. सात महिने मला हे माहीत आहे, आणि तू कौतुक करतेस म्हणून मी सांगत नव्हतो."

एवढं खरं तो पूर्वी कधी बोलला नव्हता. पण खरं बोलला म्हणून राग ओसरतोच असं नाही. "संपलं मग," ती म्हणाली. "ज्या माणसाला मला साधा प्रश्न विचारायची भीती वाटते, त्याच्याशी मी जन्म काढणार नाही. वरती एक तसा संसार आहे, आत्ताच ऐकलास."

"थांब."

"काय थांब?"

"मलाही राग आलाय." त्याचा आवाज चढला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आपण काय ठरवलं होतं? काही बिनसलं तर आधी एकमेकांशी बोलायचं, मग जगाशी. हे तू म्हणाली होतीस. सकाळी मला फोन केलास?"

"तीन वेळा."

"उठून हरकत घ्यायच्या आधी, की नंतर?"

"नंतर."

"दोनशे माणसांसमोर तू माझ्याविरुद्ध उभी राहिलीस. मी तिथे नव्हतो, मला काही माहीत नव्हतं. तू अर्धा तास थांबली नाहीस. काका-आत्यांना पाच महिने दम निघाला नाही, आणि तुला?"

"मी तिथे काय गप्प बसायचं होतं?"

"नाही!" तो ओरडला. फळीवरचे जबडे हलले, कारण त्याने टेबलावर हात आपटला होता. "उठायलाच हवं होतं. बरोबर केलंस. पण 'मला विचारलं नाही' एवढं म्हणाली असतीस. हरकत आहे म्हणालीस. म्हणजे माझ्यावर हरकत आहे, असंच सगळे समजले ना?"

हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, एक चांगलं टोचणारं उत्तर जिभेवर आलं होतं, आणि तिने ते गिळलं. इतकी वर्षं जिभेवर आलेलं गिळणं म्हणजे हार, असं ती समजत आली होती. आज ते हरल्यासारखं वाटलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तेवढं."

"माझं जास्त चुकलं."

"हो, तुझं पुष्कळच जास्त चुकलं." ती स्टुलावर बसली. "वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

"नाही."

"नाही?"

"नाही. मंगळवारी मी चुकलो. पण त्याआधीचे सात महिने खोटे नव्हते. पाच उरलेत, पाचच." मग जरा खालच्या आवाजात, "आणि वर्ष संपल्यावर तू नको म्हणालीस, तर मी ऐकेन. पण ते तू मला म्हणायचं. पाळकांना नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. सात महिन्यांत त्याने तिला 'नाही' म्हटल्याची ही पहिली वेळ होती, आणि ओळीने दोनदा.

"आता ठरवायचं नाही," ती अखेर म्हणाली. "मी रागात आहे."

"मीही आहे."

"गुरुवारी बोलू मग." ती उठली. "जेवला आहेस?"

"भूक लागलीय. पण आत्यांसमोर बसवणार नाही."

"इथेच आणते ताट. आणि गुरुवारी जे विचारायचं ते विचार. मी चिडले तरी विचार."

* * *

पाळकांना फोन झाला होता. पुढच्या रविवारी सूचना मागे घ्यायची, तीही मंडळीसमोर, सेक्रेटरींनी स्वतः वाचून. पप्पा कागद घेऊन बसले. त्यांनी लिहिलं, 'काही गैरसमजामुळे...'

"गैरसमज कुणाचा झाला?" मम्मीने ताटं उचलता उचलता विचारलं.

पप्पांनी ते खोडलं. 'सेक्रेटरींनी वधूची संमती न घेता...' असं लिहिलं, आणि पेन हातात घेऊन बघत राहिले. स्वतःचं अक्षर त्यांना ओळखीचं वाटेना. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"माझंही नाव घाल," ती म्हणाली. "खोटं मी बोलले. एकट्याने कशाला खाली मान घालतोस?" आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खोलीत गेली. दादा मुकाट्याने भांडी घासायला लागला. या घरात हेही पहिल्यांदाच घडत होतं.

टेबलाशी दोघंच उरली. पप्पांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मी तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वी."

"हो."

"आता विचारतो. कुणी नाही इथे." ते अडखळले. गिऱ्हाइकाच्या तोंडात हात घालून जन्म गेला, पण बायकोच्या तोंडून एक शब्द काढायला त्यांना एवढं बळ कधी लागलं नव्हतं. "तेव्हा विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

मम्मीने हातातली ताटं खाली ठेवली. खुर्ची घेतली. टेबलावरचे कण तिने तळहाताने गोळा केले आणि तसेच मुठीत धरून बसली.

"सांग ना."

"थांबा," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. विचार करून सांगते."

"कधी सांगशील?"

"घाई आहे?"

पप्पांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.